तयार स्लॅबने रस्त्याची रातोरात दुरुस्ती: पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी

काँक्रीटच्या रस्त्यातला स्लॅब फुटला की तो बदलायचे दोन मार्ग असतात. एक तर जुना काढून तिथेच नवं काँक्रीट ओतायचं आणि ते पुरेसं घट्ट होईपर्यंत लेन बंद ठेवायची. नाहीतर कारखान्यात आधीच ओतून, पाणी मारून, तपासून ठेवलेला स्लॅब आणायचा, रात्रीतून बसवायचा आणि सकाळी वाहनं सोडायची. हा लेख दुसऱ्या मार्गाबद्दल आहे.

कल्पना नवी नाही. सोव्हिएत काळात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी ६ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १४ किंवा १८ सेंटिमीटर जाडीचे तयार स्लॅब सर्रास वापरले जात. वर्दळीच्या रस्त्यावर रात्रीच्या बंदीत दुरुस्ती करण्याची आजची पद्धत मात्र मुख्यतः २००१ नंतर रुळली. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या टॅपन झी पुलाच्या टोल नाक्यावर असे स्लॅब बसवले गेले. २००१-०२ मध्ये टेक्सासमधल्या जॉर्जटाऊनजवळ, आंतरराज्य महामार्ग ३५ च्या बाजूच्या रस्त्यावर पूर्वताणित (आतल्या तारा ताणून काँक्रीट दाबाखाली ठेवलेले) स्लॅब वापरले गेले.

मी या कामात आले तेव्हा माझं सगळं लक्ष स्लॅबवर होतं: त्याची ताकद, त्याचा पृष्ठभाग, त्याची वाहतूक. पुढे कळलं की स्लॅब हा या कामातला सर्वांत भरवशाचा भाग आहे. बिघडतं ते खड्ड्याच्या मापात, खड्ड्याच्या तळात आणि ग्राउटमध्ये, म्हणजे पोकळ्या भरायच्या पातळ मिश्रणात. म्हणून खाली मी तिथेच जास्त थांबले आहे.

१. आधी ठरवा, स्लॅब बदलायचाच आहे का

फक्त कडेचे टवके उडाले असतील तर पूर्ण जाडीचा स्लॅब बदलू नका, वरच्या थराची दुरुस्ती पुरते. एखादी बारीक आडवी भेग असेल आणि दोन्ही बाजू एकाच पातळीत असतील, तर खाचा पाडून डॉवेल बार (दोन्ही बाजू जोडणाऱ्या गुळगुळीत लोखंडी सळ्या) बसवणं स्वस्त आणि टिकाऊ. सलग शेकडो मीटर सगळेच स्लॅब फुटलेले असतील तर सुटे स्लॅब बदलत बसण्यापेक्षा पूर्ण पुनर्बांधणीचा विचार करा.

तयार स्लॅब शोभतो तो तुकडे झालेल्या, खचलेल्या किंवा कोपरे तुटलेल्या स्लॅबला, आणि तेही लेन दिवसा बंद ठेवता येत नसेल तिथे.

मग कारण शोधा. जॉइंटच्या (दोन स्लॅबमधल्या सांध्याच्या) आसपास मातीचे किंवा चिखलाचे डाग दिसतात का? दिसत असतील तर चाकांच्या दाबाने खालचं पाणी बारीक माती घेऊन वर येतंय, म्हणजे स्लॅबखाली पोकळी आहे. हातोडीने ठोकून आवाज ऐका. पोकळ जागा वेगळी वाजते. जमल्यास भार टाकून खचणं मोजणारं यंत्र आणून जॉइंटच्या दोन्ही बाजू तपासा. निदान दोन-तीन ठिकाणी कोअर (ड्रिलने कापलेला गोल नमुना) काढाच. कोअरने जाडीही कळते आणि खालचा थर कसा आहे तेही. पाण्याला वाट नसेल तर आधी निचऱ्याचं काम करा. ते न करता बसवलेला नवा स्लॅब जुन्याच वाटेने जाईल.

२. मापं घ्या, आणि प्रत्येक स्लॅबची वेगळी घ्या

‘सगळे स्लॅब साडेतीन बाय साडेचार मीटरचे आहेत’ असं जुन्या ड्रॉइंगवर असेल. जागेवर तसं नसतं. प्रत्येक स्लॅबच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण मोजायला लोक कंटाळतात, पण ३.५ बाय ४.५ मीटरच्या स्लॅबमध्ये कर्णांत २० मिमी फरक असेल तर एक बाजू सुमारे १३ मिमीने सरकलेली असते. तुमचा जॉइंट १० मिमीचा असेल तर एवढ्यानेच स्लॅब अडकतो.

टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) कोपऱ्यांच्या आणि मधल्या बिंदूंच्या पातळ्या घ्या. वळणावर, जिथे रस्त्याचा आडवा उतार बदलत जातो, तिथे चार कोपरे एका सपाट प्रतलात नसतात. तिथे सपाट स्लॅब बसवला की एक कोपरा वर राहतो. अशा जागेसाठी साचाच थोडा पिळलेला करून घ्यावा लागतो, आणि हे कारखान्याला आधी सांगावं लागतं.

जाडीबद्दल एक नियम पाळा. नवा स्लॅब जुन्यापेक्षा १० ते १५ मिमी पातळ असू द्या. जुन्याची जाडी सगळीकडे सारखी नसते; कुठे जास्त निघाली तर काही बिघडत नाही, कुठे कमी निघाली तर तळ खोदायला वेळ मिळणार नाही.

शक्य असेल तर स्लॅबचे आकार दोन-तीनच ठेवा आणि त्या मापाला खड्डा कापा. स्लॅबला खड्डा जुळवणं सोपं, उलटं केलं तर प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा लागतो आणि साइटवर कुठला स्लॅब कुठे हा गोंधळ होतो.

३. जॉइंट कसा जोडणार ते ड्रॉइंगवर ठरवा

एका स्लॅबवरचा चाकांचा भार शेजारच्या स्लॅबवर जाण्यासाठी आडव्या जॉइंटमध्ये गुळगुळीत डॉवेल बार लागतात. साधारण ३२ ते ३८ मिमी व्यास, ४५० मिमीच्या आसपास लांबी आणि ३०० मिमी अंतर असं माप नेहमी दिसतं. दुरुस्तीत बऱ्याचदा ते फक्त चाकांच्या पट्ट्यांत, प्रत्येकी तीन-चार असे देतात. लांबीच्या जॉइंटमध्ये पृष्ठभागावर उंचवटे असलेले टाय बार असतात, त्यांचं काम फक्त दोन लेन धरून ठेवण्याचं.

बार बसवायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत शेजारच्या जुन्या स्लॅबमध्ये आडवी भोकं पाडून बार इपॉक्सीने बसवतात आणि नव्या स्लॅबच्या खालच्या बाजूला खाचा असतात. स्लॅब वरून बारांवर उतरतो आणि खाचांत वरच्या छिद्रांतून ग्राउट भरतात. दुसरीत खाचा वरच्या बाजूला असतात, बार नंतर टाकून खाचा भरतात. पहिलीत पृष्ठभाग अखंड राहतो, म्हणून मला ती आवडते. पण तिच्यात भोकांची जागा काही मिलिमीटरांत अचूक लागते. नवीन टीमने पहिल्या कामात वरच्या खाचा घेतल्या तर त्यात कमीपणा नाही.

बार रस्त्याच्या मध्यरेषेला आणि पृष्ठभागाला समांतर हवा. तिरका बसला तर जॉइंट उघडमीट करू शकत नाही आणि भेग दुसरीकडे पडते. बारच्या निम्म्या लांबीला ग्रीस लावायचं विसरू नका.

४. कारखान्यात काय पाहायचं

स्लॅब ओतण्याआधी एकदा स्वतः जा. साचा मोजा, उचलण्याच्या हुकांची जागा पाहा, आतल्या सळ्यांची जाळी दोन्ही दिशांनी आहे का पाहा. ही जाळी रस्त्यावरच्या भारापेक्षा उचलताना आणि वाहून नेताना भेग पडू नये यासाठी असते.

प्रत्येक स्लॅबवर क्रमांक, वजन, ओतल्याची तारीख आणि ‘वाहतुकीची दिशा’ दाखवणारा बाण रंगाने काढून घ्या. पिळलेला स्लॅब उलटा फिरवून बसवायचा प्रयत्न मी पाहिला आहे; बाण नव्हता म्हणून अर्धा तास गेला.

५. कागदपत्रं आणि सामान

कागद हे लागतातच:

- प्रत्येक जागेचा नकाशा: मापं, कर्ण, पातळ्या, स्लॅब क्रमांक
- लेन बंद ठेवण्याची लेखी परवानगी आणि वाहतूक वळवण्याचा आराखडा
- रस्त्याखालच्या केबल, पाइप यांची माहिती
- स्लॅबचे चाचणी अहवाल, ग्राउटचं माहितीपत्रक आणि चाचणीचे निकाल
- क्रेनची भारसारणी, पट्टे-साखळ्यांची तपासणी प्रमाणपत्रं
- मिनिटांचं वेळापत्रक आणि आणीबाणीची योजना

सामानात कटर आणि जादा पाती, बारसाठी भोकं पाडायचं ड्रिल, क्रेन, ट्रेलर, लहान कंपॅक्टर, तळ सारखा करायची पट्टी, ग्राउटचा मिक्सर आणि पंप, पाण्याची टाकी, जनरेटर, दिवे, स्लरी (कापताना होणारा सिमेंटचा चिखल) ओढणारं व्हॅक्युम यंत्र, लेव्हल, तीन मीटरची सरळ पट्टी. मिक्सर आणि जनरेटर दोन-दोन ठेवा. पहाटे दोनला मिक्सर बंद पडला तर दुसरा कुठूनही मिळत नाही.

क्रेनबद्दल थोडं सविस्तर. ३.५ बाय ४.५ मीटरचा, २४० मिमी जाड स्लॅब सुमारे साडेनऊ टनांचा असतो. क्रेनवर लिहिलेली क्षमता बूम अगदी जवळ असतानाची असते; दूर हात केला की ती झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्ष अंतरावरचा आकडा सारणीत पाहा. चार साखळ्या लावल्या तरी हिशोब दोघींनीच भार घेतला असा करा, कारण कडक स्लॅबवर चारही सारख्या ताणत नाहीत. साखळी जमिनीशी ६० अंशांत असेल तर साडेनऊ टनांसाठी दोघींपैकी प्रत्येकीवर साडेपाच टन येतात. कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येकीवर पुरे साडेनऊ टन. साखळ्या आखूड घेऊन चालवून नेऊ नका.

६. वेळापत्रकात ‘परतीची वेळ’ लिहा

संध्याकाळी लेन बंद करण्यापासून सकाळी उघडण्यापर्यंतचं प्रत्येक काम उलट्या क्रमाने मांडा. उघडण्याआधी ग्राउटला किती तास हवेत, त्याआधी बसवायला किती, त्याआधी तळाला किती. यातून एक वेळ निघते, ज्यानंतर नवा खड्डा उघडायचा नाही. ती वेळ जाड अक्षरात लिहा आणि साइटवरच्या प्रत्येकाला सांगा. ‘अजून एक होईल’ हा मोह कामाच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री, हात बसल्यावर येतो, आणि तेव्हाच घात होतो.

शिवाय काही अडलंच तर उघडा खड्डा सकाळपूर्वी भरता यायला हवा. डांबरी मिश्रण किंवा तात्पुरता स्लॅब साइटवर तयार असू द्या, फोनवर नव्हे.

७. कापणं आणि जुना स्लॅब उचलणं

बरेच जण कापण्याचं काम एक-दोन रात्री आधीच करून ठेवतात. चालतं, पण कापलेला स्लॅब डॉवेलपासून सुटतो आणि चाकांखाली हलायला लागतो. त्यामुळे काप आणि बदल यांत फार दिवस जाऊ देऊ नका.

काप थंड वेळी घ्या. काँक्रीट एका अंश सेल्सिअसला साधारण एक लाखांश भाग वाढतं. ३० मीटर लांबीत २० अंश तापमान वाढलं तर ती वाढ ६ मिमी होते. दुपारी कापताना हाच दाब पातं पकडून ठेवतो.

गोल पातं तळापर्यंत पोचवायचं तर वरच्या बाजूला काप कोपऱ्यापुढे जातो. ९०० मिमी व्यासाच्या पात्याने २५० मिमी खोल कापताना हा जादा काप सुमारे ४०० मिमी भरतो आणि शेजारच्या चांगल्या स्लॅबमध्ये शिरतो. कोपऱ्यात तेवढा भाग लहान पात्याने किंवा साखळी करवतीने पुरा करा, आणि जे जादा काप राहतील ते नंतर इपॉक्सीने भरा.

काप उभा आहे ना, हे पातं फिरत असतानाच तपासा. एका रात्री आमचा स्लॅब अर्धा उतरला आणि थांबला. वरून माप बरोबर होतं, पण कटर किंचित कललेला चालला होता आणि खड्डा तळाशी १२ मिमी अरुंद झाला होता. पहाटे तीन वाजता साडेनऊ टन हवेत लटकवून आम्ही कडा घासत बसलो. तेव्हापासून मी खड्डा वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजल्याशिवाय क्रेनला इशारा देत नाही.

जुना स्लॅब ब्रेकरने फोडू नका, उचला. स्लॅबमध्ये भोकं पाडून पिना बसवून सरळ वर ओढला तर खालचा थर शाबूत राहतो आणि शेजारच्या कडा फुटत नाहीत. फोडल्याने वाचलेला वेळ तळ दुरुस्त करण्यात दुप्पट जातो. फक्त स्लॅब इतका चिरडला असेल की उचलताच येत नाही, तेव्हाच फोडा, तेही मधून कडेकडे, कडेला हलक्या हाताने.

ओलं कापा आणि मास्क लावा. काँक्रीटची कोरडी धूळ फुप्फुसांत साठते. स्लरी गटारात जाऊ देऊ नका.

८. तळ: इथे घाई करू नका

या एका टप्प्यावर दुरुस्तीचं आयुष्य ठरतं. उघडा खड्डा समोर असतो, क्रेन उभी असते, सगळे घड्याळाकडे बघतात, आणि तळावर दहा मिनिटं कमी दिली जातात.

सुटलेला, ओला, चिखल झालेला भाग काढा. खोल खड्डे बारीक चुऱ्याने भरू नका. तिथे लवकर घट्ट होणारं काँक्रीट किंवा वाहतं भरण घाला. दबाई करा. मग तळ कुठल्या पद्धतीने स्लॅबला मिळवायचा ते आधीच ठरलेलं असावं. तीन पद्धती आहेत.

चुऱ्याचा पातळ थर. बारीक दगडी चुरा किंवा वाळू पसरून, ओली करून, दाबून, पट्टीने ३ मिमीच्या आत सारखी करायची. थर १२ मिमीच्या आसपासच ठेवा. जाड झाला की पाणी आणि चाकं मिळून तो वाहून नेतात. पट्टी चालवायला दोन्ही बाजूंना रूळ लावा. हाताने डोळ्यांनी सारखा केलेला तळ मधे फुगीर राहतो आणि स्लॅब पाटासारखा डुगडुगतो. बसवल्यावरही उरलेल्या बारीक पोकळ्यांसाठी खालून पातळ ग्राउट द्यावंच लागतं.

लेव्हलिंग बोल्ट. स्लॅबच्या चार कोपऱ्यांत बोल्ट असतात, खाली लोखंडी पट्ट्या. बोल्ट फिरवून पातळी मिलिमीटरात मिळवायची आणि खालची पोकळी ग्राउटने भरायची. हे नवीन टीमला सर्वांत सोपं. सापळा एकच: ग्राउट घट्ट झाल्यावर बोल्ट सैल करायला विसरलात तर स्लॅब चार खुंट्यांवर उभा राहतो आणि तिथूनच तडकतो. सैल केल्याची नोंद वहीत ठेवा.

फुगणारा फोम. स्लॅब थोडा खाली बसवून छिद्रांतून पॉलियुरेथेन सोडतात. तो फुगून स्लॅब वर उचलतो आणि मिनिटांत घट्ट होतो. वेगवान आहे, पण चालवणारा अनुभवी हवा. एकदा गरजेपेक्षा वर गेलेला स्लॅब खाली आणता येत नाही.

९. स्लॅब उतरवणं

स्लॅबखाली कोणीही जायचं नाही, कधीच नाही. दिशा द्यायला दोऱ्या, सरकवायला पहारी. हाताने कड धरून फटीत घालणाऱ्याला त्या रात्री कामावरून बाजूला करा. बोट जायला एक क्षण पुरतो.

चारही बाजूंना सारखी फट राहावी म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचर ठेवा. साधारण १० मिमी फट धरा. एका बाजूला शून्य आणि दुसरीकडे २० मिमी झाली तर उन्हाळ्यात चिकटलेल्या कडा टवके उडवतात.

बसल्यावर साखळी सोडण्याआधी सरळ पट्टी टाका. शेजारच्याशी ३ मिमीपर्यंतचा फरक उत्तम, ६ मिमीपर्यंत नंतर घासून निघतो. त्यापेक्षा जास्त असेल तर पुन्हा उचला आणि तळ दुरुस्त करा. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला फरक वाहनांच्या धक्क्यांनी वाढतच जातो.

१०. ग्राउट

पोकळीचा हिशोब आधी करा. ३.५ बाय ४.५ मीटरच्या स्लॅबखाली सरासरी १० मिमी पोकळी असेल तर जवळजवळ १५८ लिटर ग्राउट लागतं, खाचांचं वेगळं. दीडपट साहित्य आणा, गळतीत जातं.

एका टोकाच्या छिद्रातून भरा आणि दुसऱ्या टोकातून वर येईपर्यंत थांबू नका. मधेच थांबलात तर हवा अडकते. पाणी पिशवीवर लिहिल्याइतकंच. घट्ट वाटलं म्हणून डबाभर पाणी ओतणं ही नव्या मजुरांची सवय असते, आणि त्याने ताकदही जाते आणि ग्राउट आकसतंही. थंडीत साहित्य आणि पाणी आधी कोमट ठेवा, कडक उन्हाळ्यात गार.

खाचांमधलं ग्राउट ठरलेल्या ताकदीला पोचल्याशिवाय वाहनं सोडायची नाहीत. साधारण १७ मेगापास्कल ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. चाचणीचे क्यूब स्लॅबच्या शेजारी, त्याच हवेत ठेवा. उबदार खोलीत ठेवलेला क्यूब रस्त्यावरच्या ग्राउटबद्दल खोटं सांगतो. काही पद्धतींत तळ अचूक असेल तर पहिल्या रात्री स्लॅब बसवून ग्राउट दुसऱ्या रात्री भरतात. ते त्या पद्धतीच्या रचनेत असेल तरच करा, वेळ संपली म्हणून नाही.

११. सकाळ आणि नंतर

लेन उघडण्याआधी एकजण पायी फिरून प्रत्येक छिद्र, फट, उरलेली पाचर, पडलेला बोल्ट पाहतो. ही यादी कागदावर असू द्या.

पुढच्या काही रात्रींत हिऱ्याच्या पात्यांनी पृष्ठभाग घासून पातळी मिळवा, मग जॉइंट साफ करून सील करा. सील भरताना जॉइंट कोरडा हवा; ओल्यावर भरलेलं सीलंट पहिल्या पावसाळ्यात निघून येतं.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, नंतर दर ऋतूबदलाला त्याच जागी पट्टी टाकून पातळी मोजा आणि प्रत्येक स्लॅबच्या क्रमांकासमोर लिहा. एखाद्या जॉइंटवर फरक वाढताना दिसला तर पोकळी लहान असतानाच तिथे पुन्हा ग्राउट द्या.